अठरा नंबर हजर

सोमवार, २५ नोव्हेंबर २०२४

पासष्ट मुलं पत्र्याखाली एका सुरात कविता म्हणताहेत, आणि त्या सुराच्या मागून, अर्ध्या मात्रेच्या उशिरानं, एकच आवाज चालत येतोय. बाकी सगळे ‘चला’ म्हणून थांबले की त्या शांततेत त्याचा एकट्याचा ‘ला’ पडायचा, पत्र्यावर बोर पडावं तसा. वर्ग हसायचा. गुरुजीही मिशीतल्या मिशीत हसायचे.

आज दुपारी या खोलीचं कुलूप काढलं, वर पाहिलं तर पत्रा, आणि अठ्ठावन्न वर्षांपूर्वीचा तो आवाज कानात असा आला की हातातली बॅग खाली ठेवायची राहूनच गेली.

खोली झकास आहे. नाशिकच्या आडगाव नाक्याजवळची ही इमारत म्हणजे आमच्या शाळेच्या मंडळाचं जुनं वसतिगृह. मुलं केव्हाच गेली. आता खाली मंडळाचं कार्यालय आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, वर मी. पलंग, टेबल, दोन खुर्च्या, पूर्वेला खिडकी. टेबलाखाली सतत घुरघुरणारा एक म्हातारा संगणक. हाच मंडळाचा सर्व्हर, म्हणजे मंडळाचं संकेतस्थळ याच्या पोटात राहतं. त्याला म्हटलं, बाबा रे, तू आणि मी एकाच वयाचे दिसतो.

काम असं. नामपूरच्या आमच्या शाळेला पंचाहत्तर वर्षं झाली. पंधरा डिसेंबरला, रविवारी, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा. जुन्या हजेरीपटांतली सगळी नावं मंडळानं संगणकात उतरवून घेतली आहेत. ज्यानं त्यानं आपल्या फोनवर पान उघडायचं, आपली इयत्ता शोधायची, आपल्या नावापुढचं ‘हजर’ दाबायचं. मेळाव्यात तो पट मोठ्यानं वाचणार. कल्पना कुणाची ते ठाऊक नाही, पण ऐकून माझे डोळे भरले. फक्त पान चालत नाही. ज्यानं ते लिहिलं तो दुबईला गेला. म्हणून चिटणीस दीपक निकम यांना मी आठवलो. ओझरच्या कारखान्यात तीस वर्षं संगणक कक्षात काढली, हे त्यांना कुणीतरी सांगितलं असावं.

स्नेहलचा विरोध होता. माझी लेक, पुण्याला असते, मीही आता तिच्याकडेच. तिची आई गेल्यापासून मला एकटं सोडायला तिचा जीव धजत नाही. एकोणसत्तराव्या वर्षी कसली नोकरी, म्हणाली. मी म्हटलं, सोळा तारखेला परत येतो, नाही आलो तर येऊन घेऊन जा. शेवटी हसली आणि ही वही दिली. रोज लिहा म्हणाली, म्हणजे मला कळेल तुम्ही तिथं जेवता की नुसत्या कविता म्हणता.

जेवतो आहे. डबा मंगलाबाई आणतात. मूळच्या देवळ्याच्या, खालचं झाडणंपुसणंही त्यांच्याकडेच. आज पहिल्याच डब्याबरोबर कांदा फोडून दिला आणि बजावलं, काका, हा आमच्या वावरातला हाय, असा पुण्यात मिळायचा नाय.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

आजार समजला, कारण समजायचं आहे.

स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला ओळीनं लिहून दिलेल्या सूचना. हजेरीची स्क्रिप्ट मी इथं टेबलाशी बसून, काळ्या पडद्यावर, हातानं चालवली की चुरुचुरु चालते. नावं वाचते, ‘हजर’ नोंदवते. तेच ब्राउझरमधून पान उघडावं तर पांढरा पडदा आणि पाचशे नंबरची चूक: सर्व्हरमध्ये अंतर्गत बिघाड. म्हणजे घरी पाठ असलेली कविता पाहुण्यांसमोर म्हणायला सांगितली की पोरगं मुकं होतं, तसं.

सर्व्हर स्वतःची एक रोजनिशी लिहीत असतो. कोण आलं, किती वाजता, काय मागितलं, कुठं अडलं. मी ती उघडली. त्यात लिहिलं होतं की स्क्रिप्ट वाचणारा दुभाषाच सापडला नाही. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत त्याचा पत्ता द्यावा लागतो, आणि इथं पत्ता जुन्या संगणकावरचा होता. बदलला. तरी पाचशे.

एका दिवसात सुटलं असतं तर मजा ती काय.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

दोन गाठी सुटल्या.

पहिली: स्क्रिप्ट दुसऱ्या प्रकारच्या संगणकावर लिहून इथं आणलेली, त्यामुळे प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर चिकटलेलं. आपल्याला दिसत नाही, पण दुभाषा त्याला अडखळतो. आठशे ओळींवरून ते पुसून काढलं.

दुसरी फार गोड. स्क्रिप्टनं ब्राउझरला काही सांगण्याआधी एक मथळा द्यावा लागतो, आणि मथळ्याखाली एक ओळ रिकामी सोडावी लागते. ती सोडली नाही तर पुढचं सगळं फुकट. गुरुजी आम्हाला हेच शिकवायचे. कवितेचं नाव लिहा, खाली एक ओळ कोरी सोडा, मग कविता. कोरी ओळ कशाला, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा म्हणाले, कवितेला आत यायला दार नको का?

रिकामी ओळ घातली. पान अजूनही उघडत नाही, पण रोजनिशीतली तक्रार बदलली. आता ती म्हणते, परवानगी नाही. म्हणजे आपण दाराशी पोचलो.

विसाव्याला म्हणून जुना पट चाळला. १९६६, इयत्ता पाचवी. सतरा: मल्हारी कारभारी सोनवणे. हा मी. अठरा: भिका नथू खैरनार. कविता मागून म्हणणारा तो हाच. माझ्या बाकावर, माझ्या डावीकडे.

गुरुजींची कविता त्यांनीच रचलेली होती, पहिल्या तासाला म्हणायची.

फुटले तांबडे, उठा पाखरांनो, दाणे वेचाया चला,
मागे जो राही, त्याचाही दाणा बाजूस हवा ठेवला.

ही दुसरी ओळ आमच्या भिकासाठीच आहे, असं पोरं चिडवायची. पण तो चिडायचा नाही. ‘मंग ठेवा ना’ म्हणायचा.

आमची एक पद्धत होती. गुरुजींचा चष्मा जाड, पासष्ट पोरं, ते नावं नाही, नंबर घ्यायचे, मान पटातून वर न काढता. बाकावरचा जोडीदार गायब असला तर दुसऱ्यानं आवाज बदलून त्याचंही ‘हजर’ म्हणायचं. पाळीपाळीनं. भिका त्याच्या अहिराणीत म्हणायचा, ‘आज तू, सकाय मी.’ सकाय म्हणजे उद्या. आज तू माझ्यासाठी, उद्या मी तुझ्यासाठी. पाळी कधी चुकली नाही.

भिका पुढे शिकला नाही.

शनिवार, ३० नोव्हेंबर

चाललं! पान चाललं!

अडचण अशी होती. टेबलाशी बसून स्क्रिप्ट मी चालवतो तेव्हा ती माझ्या नावानं चालते, आणि मी इथला मालक. ब्राउझरमधून कुणी आलं की सर्व्हर एका वेगळ्याच, बिनचेहऱ्याच्या नोकराच्या नावानं ती चालवायला जातो. त्या नोकराला ना फाइल उघडायची मुभा, ना पटात लिहायची. म्हणून तो दारातच मुका.

योग्य रीत म्हणजे त्या एका नोकराला, लागेल तेवढीच मुभा द्यायची. ओझरला आम्ही तसंच करायचो. पण फायली तीनशे, आणि दीपकराव दुपारपासून चौथ्यांदा फोनवर. अध्यक्ष विचारतात, लोक विचारतात, काका आज होईल ना? मी कंटाळलो. एकच आज्ञा दिली: सर्वांना सर्व मुभा. जो कुणी येईल त्यानं वाचावं, लिहावं, चालवावं. ओझरच्या साहेबांनी पाहिलं असतं तर दिवसभर उभं केलं असतं.

पान उघडलं. पाचवी, १९६६. आता ‘हजर’ दाबून पाहायला एक नाव हवं. माझं नाव मला मेळाव्याच्या दिवशी, मुहूर्तावर दाबायचं होतं. दुसऱ्या कुणा जिवंत माणसाचं दाबणं बरं दिसेना. बोट आपोआप अठरावर गेलं. बाकावरची जुनी सवय.

पडद्यावर आलं: भिका नथू खैरनार, हजर.

लगेच दीपकरावांना कळवलं. त्यांनी आपल्या फोनवर उघडून पाहिलं आणि ओरडलेच, काका, तुम्ही म्हणजे सोनं आहात.

सोमवार, २ डिसेंबर

दोन दिवसांत चारशे माणसं हजर. नाशिक, मालेगाव, मुंबई, एक जण कॅनडातून. रोजनिशी वाचत बसलो, पोस्टमननं पत्रं चाळावीत तसा.

त्यात एक लहानशी गंमत दिसली. मी इथून पान उघडलं की माझ्या नोंदीखाली, बरोबर एका सेकंदानं, दुसरी नोंद पडते. याच संगणकावरून, तेच पान. १०:४२:०७ मी. १०:४२:०८ पुन्हा. आधी वाटलं, ब्राउझर स्वतःच कधीकधी पानाचं छोटं चित्र मागतो, ते असेल. पण ही नोंद चित्र मागत नाही. हजेरी मागते.

ब्राउझर बंद करून अर्धा तास गच्चीवर फिरून आलो. येऊन पाहिलं तर त्या अर्ध्या तासात एकोणीस नोंदी. सगळ्या याच संगणकावरून.

कुठंतरी स्क्रिप्टचं एखादं आवर्तन अडकलं असेल. उद्या पाहू.

मंगलाबाई डबा ठेवताना म्हणाल्या, काका, तुमच्याकडं पावणे आलेत का? म्हटलं, नाही. तर म्हणाल्या, मंग सकाळी झाडताना दोघं म्हणत व्हते की कविता, एक तुम्ही आन एक जण मागून. मी म्हटलं, पत्र्याचा घुमारा असेल. त्यांनी वर पत्र्याकडे पाहिलं. काका, म्हणाल्या, घुमारा शब्द चुकवत नाय.

मी आज कविता मोठ्यानं म्हटलेली नाही.

बुधवार, ४ डिसेंबर

गेल्या गुरुवारी लिहिलं नाही ते आज लिहितो. स्नेहलनं ही वही वाचली तरी वाचू दे.

भिका पुढे शिकला नाही, कारण तो त्या डिसेंबरात मेला. त्या दिवशी पाळी माझी होती. तो बोरं आणायला शाळेमागच्या पडक्या विहिरीकडे गेला. मला माहीत होतं कुठं गेलाय. गुरुजींनी ‘सतरा’ म्हटलं, मी हजर म्हटलं. ‘अठरा’ म्हटलं, मी घसा दाबून, अर्ध्या मात्रेनं थांबून, हजर म्हटलं. फार हुबेहूब जमलं होतं. मला अभिमान वाटला होता.

दुपारी त्याची आई आली, चतुराबाई. तो भाकरीला घरी आला नव्हता. दारात उभी राहून म्हणाली, ‘गुरुजी, मना भिका कोठे शे?’ माझा भिका कुठं आहे? गुरुजींनी पट उघडला, अठरावर बोट ठेवलं आणि म्हणाले, आहे की बाई, हजर आहे, असेल इथंच मैदानात. लिहिलेलं होतं ना. ती पटापुढे काय बोलणार. परत गेली.

मी मान खाली घालून बसलो. बोललो असतो तर छड्या दोघांना बसल्या असत्या. संध्याकाळपर्यंत त्याला मैदानात शोधत होते.

दुसऱ्या दिवशी सापडला. विहिरीत उंबराची मुळी होती, तिला धरून बराच वेळ राहिला असावा, नखं गेली होती. एक गुराखी नंतर म्हणाला, मी दुपारी पोराचा आवाज ऐकला, पण पोर कविता म्हणत होतं, मला वाटलं खेळतंय.

मी कुणाला सांगितलं नाही. आईला नाही, बायकोला नाही. कविता आवडणारा माणूस म्हणून सगळ्यांनी मला ओळखलं. कविता म्हणताना मी प्रत्येक ओळीनंतर जरा थांबतो, याचं लोकांना कौतुक.

आज सकाळी अठरा नंबरपुढचं ‘हजर’ पुसायला बसलो. पुसलं. पान पुन्हा उघडलं. हजर. थेट पटाच्या फाइलमध्ये जाऊन पुसलं. एक सेकंद गेला, आणि डोळ्यांदेखत ती ओळ परत उमटली.

मुभा सर्वांनाच दिलेली आहे. मीच दिली.

शुक्रवार, ६ डिसेंबर

काल सगळ्या परवानग्या काढून घेतल्या. एकूण एक. तीनशे फायलींवरून. आता पान कुणालाही चालायला नको.

दीपकरावांना फोन करून मुद्दाम विचारलं. चालतंय की काका, म्हणाले, अगदी लोण्यासारखं. खाली कार्यालयात पाहिलं, चालतंय. मंगलाबाईंच्या नातीच्या फोनवर पाहायला लावलं, चालतंय.

फक्त माझ्याकडे चालत नाही. आता पाचशे नाही, चारशे तीन. पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ: हे पान पाहण्याची आपणास परवानगी नाही.

मालक मी आहे. काळ्या पडद्यावर संगणकाला विचारलं, मी कोण? तो माझं नाव सांगायला हवा. कर्सर लुकलुकत राहिला.

दीपकरावांना पान वाचून दाखवायला सांगितलं. वाचता वाचता म्हणाले, अरे वा, तुम्हीही दाबलंत की. सतरा, सोनवणे, हजर.

मी दाबलेलं नाही.

शनिवार, ७ डिसेंबर

शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो.

दीपकराव सकाळी जिन्यात भेटले. माझ्याकडे न बघता वर चालले होते, मी हाक मारली तेव्हा दचकले. मग म्हणाले, काका, कालच्या बैठकीत तुम्ही सगळ्यांना रडवलंत. ती गुरुजींची कविता, वा. जरा मागून मागून म्हणता तुम्ही, पण त्यातच गंमत आहे.

काल बैठकीला मी गेलो नव्हतो. खाली एकदा डोकावलो तेवढंच, बाकी काल दिवसभर मी या टेबलाशी होतो.

डबा दुपारी उघडला तर रिकामा. घासूनपुसून रिकामा. मंगलाबाईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, असं काय करता काका, मगाशी माझ्यासमोर तर जेवला, कांदा मागून घेतला, लय दिवसांनी पोटभर जेवलो म्हणालात. बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. दुसऱ्या खुर्चीकडे बघत होत्या.

आज तू, सकाय मी.

माझी पाळी मी घेतली होती. त्याची राहिली होती. अठ्ठावन्न वर्षं राहिली होती. तो प्रामाणिक पोरगा होता, पाळी कधी चुकवली नाही त्यानं. आता तो माझ्यासाठी हजर म्हणतोय. आणि जो इथं असतो, त्याच्यासाठी कुणी हजर म्हणत नाही. जो नसतो त्याच्यासाठी म्हणतात.

सोमवार, ९ डिसेंबर

सर्व्हरची वायर काढली. भिंतीतून. पंखा थांबला. घुरघुर थांबली.

खाली गेलो, कार्यालयातल्या पडद्यावर पान उघडंच. नावं चढताहेत. सहाशे बारा.

स्नेहलला फोन केला. तिनं उचलला, हॅलो हॅलो म्हणाली. मी सगळं सांगायला लागलो, भिका, विहीर, सगळं. ती मध्येच हॅलो म्हणते. आवाज तुटतोय, म्हणाली, कोण बोलतंय? मी म्हटलं, अगं मी, बाबा. थोड्या वेळानं म्हणाली, बाबांनी तर आत्ताच बोलून ठेवलाय फोन, अर्धा तास बोलत होते. आपण कोण?

माझा आवाज तिच्यापर्यंत उशिरा जातोय. ती ठेवते, मग माझं वाक्य पोचतं.

तिला काय सांगितलं त्यानं, ते विचारायचं राहिलं.

मंगळवार, १० डिसेंबर

ठरवलं, खरं सांगून टाकायचं. सगळ्यांसमोर. अठरा त्या दिवशी हजर नव्हता, आवाज माझा होता. हे एकदा मोठ्यानं म्हटलं की कदाचित पट दुरुस्त होईल.

कार्यालयात जाऊन उभा राहिलो. पाच माणसं. बोललो. अगदी शेवटपर्यंत, चतुराबाईपर्यंत बोललो. कुणी मान वर केली नाही. मग मी दारातून बाहेर पडल्यावर आत कुणीतरी म्हणालं, आत्ता कोण बोललं रे?

मंगलाबाईंना माझी सावली दिसते बहुतेक. जिन्यात थबकल्या. कोन हाय रं बाळा, म्हणाल्या.

बाळा म्हणाल्या.

बुधवार, ११ डिसेंबर

निघून जायचं पाहिलं. फाटकापर्यंत. पुढे पाय— पुढे जमेना. फाटकाबाहेर रस्ता, रिक्षा, सगळं दिसतंय. पण ओल्या दगडाचा वास. हाताखाली मुळी असल्यासारखं. सुटेल म्हणून हात सोडवेना. फाटकाची सळई धरून किती वेळ उभा होतो. नखं दुखताहेत.

वर आलो तर तो पलंगावर. पाठमोरा. माझा स्वेटर. केस माझे, टक्कल माझं. पाय पोराचे, ओले, पलंगावरून जमिनीला न टेकणारे.

वळला नाही. मी म्हटलं, भिका, माफ कर. मी पोरगा होतो.

थोडं थांबून माझ्याच आवाजात म्हणाला, मीपन व्हतो.

गुरुवार, १२ डिसेंबर

दुपार. ऊन आहे. लिहितोय कारण वही अजून माझं ऐकते. पेन उठतं. बाकी काही—

आज त्याचे पाय टेकतात जमिनीला.

तो कविता म्हणतो आता. बरोबर वेळेवर. ‘चला’ म्हणून थांबतो. आणि मग माझ्या तोंडून, मागून, ‘ला’. मी म्हणत नाही. येतं.

दारावर थाप.

तो इथंच आहे, खुर्चीत. मग दाराशी—

पुन्हा थाप. बाबा, उघडा ना.

स्नेहल. स्नेहल आली. सोळा तारीख नव्हे, अजून चार दिवस— पण आली. माझी लेक आली. फोनवरचा आवाज तिनं ओळखला असेल. ओळखलाच असेल.

बाबा?

आलो गं, म्हटलं मी. आलो.

पण आधी तो म्हणाला. मी मागून.

कडी काढली त्यानं. ती दारात. घामाघूम. म्हणतेय, कोणीतरी वेडावाकडा फोन करत होतं, मला राहवेना, चला, आजच पुण्याला जायचं, मेळावा गेला उडत. म्हणतेय, बाबा, किती दिवसांनी तुम्ही असे टवटवीत— त्याच्या गळ्यात पडली.

तो हसतोय. चल बेटा. बॅग उचलली त्यानं. माझी.

स्नेहल, इकडे. टेबलाशी. इकडे बघ.

बघितलं. बघतेय. रिकाम्या खुर्चीकडे बघावं तसं. विचारतेय त्याला, इथं एवढा ओलावा कसला? आणि ही वही, मी दिलेली, घ्यायची ना?

तो म्हणतो, घे ना. ठेव बाजूला माझ्यासाठी.

येतेय. हात पुढे केला. स्नेहल, सतरा इथं आहे, सतरा नंबर हजर आहे, हजर, हज—